बेंबीची खूण

९ नोव्हेंबर २०२५, महाड

गांधारी नदीच्या पुलावर एकदा स्कूटरमधलं पेट्रोल संपलं होतं. लग्नाला महिनाही झाला नव्हता. मुश्ताक स्कूटर ढकलत होता, मी ओढणी सावरत शेजारून चालत होते. फुटाण्यांची पुडी माझ्या हातात होती आणि मधूनमधून मी त्याच्या तोंडात दोन दाणे टाकत होते. खाली वाळूवर एक मगर जबडा उघडून उन्हाला पडली होती. मी म्हटलं, "ॲलिगेटर बघ." पाचगणीच्या कॉन्व्हेंटात आम्हाला पुस्तकातून ॲलिगेटरच शिकवला होता. घरामागच्या नदीतली मगर शिकवण्याइतकी कुणाला महत्त्वाची वाटली नव्हती. मुश्ताक म्हणाला, "ही आपली मगर. ॲलिगेटर अमेरिकेत. त्याचं चामडं हातात घेशील ना, तर सोडणार नाहीस. आणीन तुझ्यासाठी."

तो तेव्हा कुवेतला चामड्याच्या वस्तूंच्या दुकानात होता. दोन वर्षांनी सुट्टीवर आला तेव्हा त्या चामड्याची पर्स घेऊन आला. आता तो नाही, पर्स आहे.

हे आज लिहावंसं वाटलं, कारण माझ्या हृदयाच्या झडपेच्या ऑपरेशनची तारीख मिळाली आहे. डिसेंबरचा पहिला आठवडा, मुंबईला. बातमी गल्लीत पसरली. बायका सफरचंदं घेऊन येतात, पलंगाच्या कडेला बसतात आणि माझ्या तोंडाकडे असं बघतात की जणू मी आत्ताच गेले आहे आणि सांगायला तेवढी विसरले आहे. सफरचंदंही मऊ पडलेली.

१२ नोव्हेंबर

माझी सून अम्बरीन मुंब्र्याची आहे. मोबाइलवर जुन्या पर्सा विकायचं तिचं एक पान आहे, त्याला ती बिझनेस म्हणते. आज मी दुपारी झोपले असताना तिने माझ्या कपाटातून मुश्ताकची पर्स काढली, खिडकीत उशीवर ठेवून फोटो काढले आणि त्या पानावर टाकले. खाली लिहिलं: अस्सल ॲलिगेटर, सासूबाईंची आठवण. सासूबाई शेजारच्या खोलीत घोरत होत्या.

"विकायची नाही हो अम्मी, नुसतं दाखवायला टाकली," ती म्हणाली. "लोकांना स्टोरी आवडते."

"माझी स्टोरी अजून संपली नाही."

"तसं नाही ना!" आणि मग खालचा ओठ चावत, "अम्मी, एक सांगू? दिल्लीच्या एका बाईने क्लोजअप मागवला होता. ती म्हणते, हे ॲलिगेटर नाही. केमन आहे."

"केमन कोण?"

"ॲलिगेटरचा गरीब चुलतभाऊ," अम्बरीन म्हणाली आणि हसली. माझं तोंड बघून थांबली.

दिल्लीची बाई. जिने माझी पर्स हातात धरली नाही, जिला मी ओळखत नाही, जिच्या नावापुढे फुलपाखराचं चित्र आहे. तिचं ऐकून आता मी मुश्ताकला खोटं ठरवायचं.

१४ नोव्हेंबर

दोन दिवस वाचलं. उझैरने, माझ्या मुलाने, ऑफिसातून कागदही छापून आणले. तो ट्रक चालवायला लावतो, एमआयडीसीतली पिंपं इकडून तिकडे नेतो. चामड्यातलं त्याला चपलेपलीकडे काही कळत नाही, पण अम्मीने सांगितलं की करतो.

केमन ॲलिगेटरच्याच कुळातला, पण दक्षिणेकडचा आणि अंगाने लहान. ॲलिगेटरचं पोट मऊ, सपाट. केमनच्या पोटाच्या खवल्यांतसुद्धा हाडाच्या चकत्या असतात. म्हणून त्याच्या चामड्यावर टाचणीने टोचल्यासारखे बारीक खळगे राहतात, रंग सगळीकडे सारखा बसत नाही आणि वाकवलं की घडीवर भेगा जातात. ॲलिगेटर रुमालासारखा मुडपला तरी त्याला काही होत नाही. शिवाय त्याच्या पोटावर मधोमध एक लांबट, कोळ्याच्या जाळ्यासारखी खूण असते. अंड्यात पिलाची नाळ जिथे जोडलेली असते तिथली. बेंबीच ती. नव्या माणसाला ते व्यंग वाटतं, पण मोठे कारागीर ती खूण मुद्दाम पर्सच्या दर्शनी भागावर घेतात. आपल्या मगरीला बेंबीची अशी खूण नसते, तिच्या प्रत्येक खवल्यावर एक ठिपका असतो.

एवढं वाचून मी भिंग घेऊन खिडकीत बसले. माझ्या पर्सचे खवले गोल, उठावदार, एकसारखे. चकाकी अजून आहे. एवढी देखणी वस्तू आमच्या आळीत दुसरी नव्हती. आणि प्रत्येक खवल्यात खळगे आहेत. झाकण दुमडतं तिथे भेगा आहेत. त्या एकवीस सालच्या पुरात कपाटात पाणी शिरलं म्हणून पडल्या असं मी आजवर सांगत होते. पुरावर काय, काहीही ढकलता येतं.

दिल्लीच्या बाईचं बरोबर आहे. फुलपाखरासकट.

१५ नोव्हेंबर

उझैर म्हणतो, पप्पांना कुणीतरी फसवलं असेल.

काय हुशार मुलगा. मुश्ताकला? जो चप्पल हातात न घेता नुसत्या वासावरून चामडं सांगायचा? कुवेतहून परत आल्यावर त्याने बाजारात दुकान टाकलं, तेव्हा मुंबईचे व्यापारी त्याला माल दाखवताना आधीच भाव उतरवून सांगायचे. त्याला फसवणारा माणूस जन्मला नव्हता.

म्हणजे त्याला माहीत होतं. माझ्यासाठी केमन आणला आणि ॲलिगेटर म्हणून माझ्या हातात दिला. मी पाचगणीला शिकलेली, मला काय कळणार, असं वाटलं असेल.

आज जेवले नाही. अम्बरीनने खिचडी झाकून ठेवली आणि वर चिठ्ठी चिकटवली. चिठ्ठीवर हसरा चेहरा. या मुलीला वाटतं की जगातल्या सगळ्या दुःखांना एक पिवळा गोल पुरतो.

१८ नोव्हेंबर

ऑपरेशनच्या आधी थोरल्यांकडे जाऊन "बोललं-चाललं माफ करा" म्हणायची आमच्यात रीत आहे. मुश्ताकच्या बाजूला आता थोरल्या एकट्या महरुन्निसा आपा, त्याची बहीण. राहतात पोलादपूरच्या पुढे, कशेडी घाटाच्या पायथ्याशी. मी लहान, म्हणून मीच जायचं. झडप माझी खराब, चढ मीच चढायचा.

आपांबद्दल इथे खरं लिहिते, कारण ही वही कुणी वाचत नाही. मी या घरात आले तेव्हा आई वारलेल्या या घराच्या त्याच सासू होत्या. मी टेबलावर कापड घातलं, त्यांनी त्यात भाकरी बांधली. कॉन्व्हेंटातल्या सिस्टर बेनेडिक्टाने शिकवलेली लेस मी खिडकीला लावली, त्यांनी विचारलं, "ही मासे पकडायची का गो?" सगळं घर हसलं. मुश्ताकही हसला. त्या दिवसापासून मी त्यांना माफ केलेलं नाही आणि परवा माफी मागायला जाणार आहे.

पर्सच्या बाबतीतही तेच. परदेशाहून आलेली बॅग घरातल्या थोरल्या बाईसमोर उघडायची आणि पहिला हात तिचा, ही या घराची पद्धत. मुश्ताकने दोन पर्सा काढून चटईवर ठेवल्या. एक ही माझी, एकसारख्या खवल्यांची, चकचकीत. दुसरीच्या तोंडावरच मधोमध काहीतरी बिघडलेलं, जखम शिवल्यासारखं. आपांनी दोन्हींवर नजर टाकली आणि ती बिघडलेली उचलली. एवढी समज. मी मनात म्हटलं, कसली पारख या बाईला, हिच्यापुढे हिरा ठेवला तर ती त्याने जात्याला टाकी मारून घेईल. माझ्या वाट्याला चांगली आली म्हणून मी आनंदाने दोन रात्री झोपले नव्हते.

लिहिता लिहिता हात थांबला आहे. जखम शिवल्यासारखं. मधोमध.

नाही. उगाच. धुराने काळी पडलेली जुनी वस्तू आता कशाला शिल्लक असेल.

२० नोव्हेंबर

शिल्लक आहे.

उझैरने गाडी दारापर्यंत नेली. आपा ओट्यावर पाय पसरून बसल्या होत्या.

"आलीस गो? मला वाटला, मॅडमचा आता मुंबैहूनच निरोप येल."

"निरोप कसला आपा, ऑपरेशन आहे."

"तेच बोलते मी. बस. चा पिशील ना? आमच्याकडं कपबशी हाय हां, कपाचा कान तेवढा तुटलाय."

मी चहा प्यायले. उझैर हसत होता. त्याला आपा आवडतात, त्याला सगळेच आवडतात. मग मी ठरलेलं वाक्य म्हटलं, "आपा, बोललं-चाललं माफ करा." त्या म्हणाल्या, "केला माफ. तू पन कर." चाळीस वर्षांचा हिशेब दोन वाक्यांत मिटला. बाजारात वांगी घेतानाही याहून जास्त बोलणं होतं.

मग त्यांनी मागच्या दाराजवळच्या खुंटीकडे हात केला. "उझैर, ती माझी पर्स दे रे. तुझ्या परसात लावायला पडवळीच्या बिया देते."

तीच. चुलीच्या धुराने तपकिरीची काळी झालेली. आत बिया, गोळ्यांची पाकिटं, कात्री, रेशनकार्ड. खुंटीवर लटकून लटकून ती कापडासारखी मुडपली होती आणि घडीवर एकसुद्धा भेग नव्हती. समोर, बरोबर मधोमध, कोळ्याचं जाळं.

"आपा, बघू?"

"बघ की. मुश्ताकनं आणलेली ती. शिवलेली व्हती तरी अजून उसवली नाय बघ. एवढं कोन शिवतंय आता?"

मी खवल्यांवरून बोट फिरवलं. सपाट. एकही खळगा नाही. मी पर्स परत दिली. त्यांनी बियांची पुडी काढून उझैरच्या खिशात कोंबली.

येताना गाडीत मी डोळे मिटून घेतले. उझैर विचारत होता, "अम्मी, छातीत दुखतंय का?" हो म्हणायला सोपं होतं.

२१ नोव्हेंबर

म्हणजे बहिणीला अस्सल, बायकोला केमन. आता सगळं आठवतंय. दर ईदेला तो क्रीमची डबी घेऊन पोलादपूरला जायचा आणि आपांच्या ओट्यावर बसून ती पर्स पुसायचा. सावकाश, फडक्याने, गोल गोल. मी म्हणायचे, किती ती बहिणीची चाकरी. माझ्या पर्सला त्याने कधी हात लावला नाही. एकदा मी म्हटलं, माझीही पूस. म्हणाला, "तुझीला गरज नाही."

आणि मी ते कौतुक समजले.

अम्बरीनला सांगितलं. सांगायला नको होतं. ती पलंगावर उडाली. "अम्मी! बेंबी समोर? मधोमध? तुम्हाला कळतंय का ती काय चीज आहे? आणि त्यात बिया?" मग म्हणाली, "बदलून घ्या ना. आपांना काय फरक पडतो? त्यांना तर तुमची जास्त चकचकीत वाटेल."

"भीक मागू?"

"भीक काय त्यात? त्या काय कॉकटेल पार्टीला नेणार आहेत?"

मीही कुठे नेणार आहे म्हणा.

पण खरं लिहायचं तर मला ती हवी आहे. विकायला नाही, मिरवायलाही नाही. त्याने पुलावर ज्याचं नाव घेतलं होतं ते एकदा माझ्या कपाटात असावं, एवढंच. आणि त्याने ते तिला का दिलं, हे कळल्याशिवाय मला ऑपरेशनच्या टेबलावर झोपायचं नाही.

२५ नोव्हेंबर

आज आपा स्वतः आल्या. एसटीने, एकट्या, हातसडीचे पोहे घेऊन. माफी मागून घ्यायला मी गेले तर परतभेट द्यायला त्या आल्या, म्हणजे शेवटचा शब्द त्यांचाच. खांद्याला ती पर्स.

अम्बरीन स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून भुवयांनी मला ढकलत होती.

मी विचारलं, "आपा, त्या दिवशी चटईवर दोन पर्सा होत्या. तुम्ही हीच का उचललीत?"

"आता आठवला का गो? ऑपरेशन हृदयाचा हाय ना तुझा, डोक्याचा नाय?"

"सांगा तरी."

त्यांनी पर्स मांडीवर घेतली. "शिवलेली व्हती म्हनून. तू कालची पोर, कॉन्व्हेंटातली. ही तुझ्या वाट्याला आली असती तं तू तोंड फुगवून बसली असतीस. माझ्या भावाची सुट्टी एवढीशी. मला घरात रडगानी नको व्हती. म्हटला, फाटकी आपन घ्यावी, नवरीला चांगली जावू दे."

"मग?"

"मग काय. त्याचं तोंड बघायचं व्हतंस तू. असा उतरला! मला बोलला, आपा, ती... आनि गप. मला वाटला, बहिनीनं फाटकी घेतली म्हनून पोराच्या जिवाला लागला. मीच बोलले, असू दे रे, दोन्ही सारख्याच हायत. तो बोलला, व्हय आपा, सारख्याच."

अम्बरीनच्या हातातली बशी वाजली.

आपांनी माझ्याकडे बारीक डोळे करून बघितलं. "का गो विचारतस? हवी का तुला? घे तं. बिया काढून देते." आणि खरोखरच चेन उघडायला लागल्या.

मी म्हटलं, "मला कशाला? माझी चांगली आहे."

"तेच मी बोलते," आपा म्हणाल्या आणि चेन लावली. "मॅडमला खुंटीवरची पर्स!" स्वतःच्याच बोलण्यावर त्या खोकला येईपर्यंत हसल्या.

उझैरने त्यांना संध्याकाळच्या एसटीत बसवलं. पोह्यांत खडे आहेत.

२६ नोव्हेंबर

अम्बरीन सकाळपासून बोलत नव्हती. दुपारी फुटली.

"अम्मी, त्या देत होत्या! हातात देत होत्या!"

"हो."

"मग? ती तुमची आहे. पप्पांनी तुमच्यासाठी आणली होती. सांगायचं ना, आपा, गडबड झाली, चांगली ती तुमच्याकडे गेली. एक वाक्य!"

एक वाक्य. तेच तर मुश्ताकलाही जमलं नाही. एवढा जाणकार माणूस, मुंबईच्या व्यापाऱ्यांना घाम फोडणारा, आणि बहिणीसमोर जीभ टाळूला. आपा, ती उझ्माची आहे. माझ्या नावासकट चार शब्द. त्याऐवजी जन्मभर क्रीमची डबी घेऊन घाटाखाली चकरा मारत बसला. असल्या भित्र्या माणसाची मी इतकी वर्षं वाट बघायचे आणि अजूनही दारात चप्पल वाजली की मान वळते. मूर्ख तो, आणि त्याला दुसरी मूर्ख मिळाली.

अम्बरीनला मी एवढंच म्हटलं, "त्या बाईकडे काय आहे? तुटका कप आणि खडे असलेले पोहे. सगळ्या आयुष्यात एकच मोठेपणा केला, फाटकी आपण घेतली. आता मी सांगू की बाई, तू चांगली पळवलीस? त्या तिथल्या तिथे ती रिकामी करून माझ्या मांडीवर ठेवतील, बिया पदराला बांधतील आणि उरलेली वर्षं भावाच्या बायकोची वस्तू वापरली म्हणून मनात कुढत बसतील. कोण ऐकून घेणार ते? मला त्यांचे उपकार नकोत."

अम्बरीन जवळ आली आणि माझ्या खांद्यावर डोकं टेकलं. कारण काय, तिलाच ठाऊक. या मुलीला कुठलंही निमित्त पुरतं. केसांना खोबरेल तेलाचा वास होता. मी थोडा वेळ तिला तसं राहू दिलं, कारण हलवायला ताकद नव्हती.

३० नोव्हेंबर

उद्या निघायचं. बॅग भरली आहे. डॉक्टर म्हणतात काळजीचं कारण नाही. डॉक्टर तिशीतला आहे, त्याला कुठल्याच गोष्टीची काळजी नसणार. तरी लिहून ठेवते. वहीचं हे पान उझैरने वाचावं, बाकीची पानं नाही.

मुश्ताकचं घड्याळ उझैरला. ते बंद आहे. दुरुस्तीला देऊ नये, बिघडवतील.

माझी इंग्रजी पुस्तकं मुलींच्या शाळेला. शाळा ती कपाटात कुलूप लावून ठेवणार हे ठाऊक आहे, तरी द्यावी.

सिस्टर बेनेडिक्टाने शिकवलेली लेस आणि माझं भिंग अम्बरीनला. लेसचे ती फोटो काढील. काढू दे, पण विकायची नाही. भिंग तिने वापरावं, म्हणजे दिल्लीकडून शिकायची वेळ येणार नाही.

शिवणयंत्र कुणालाही द्यावं. ज्याला हवं असेल त्याने स्वतः उचलून न्यावं.

माझी पर्स महरुन्निसा आपांना. कुरिअरने नाही, उझैरने स्वतः न्यावी. आधी भेगांवर क्रीम लावावं. देताना एवढंच म्हणावं की चांगली होती ती अम्मीने तुमच्यासाठी ठेवली होती. केमन आणि ॲलिगेटर हे दोन्ही शब्द त्या घरात कुणी काढायचे नाहीत, म्हणून अम्बरीनने सोबत जाऊ नये. आपा आधी नको म्हणतील. मग आतून-बाहेरून हात फिरवतील. मग म्हणतील की मॅडमने पुरी वापरून घेतली आणि मग दिली. उझैरने ऐकून घ्यावं, वाद घालू नये आणि त्यांनी ती खुंटीला लावेपर्यंत उठू नये.

जुनी त्या उझैरच्या हातात द्यायला बघतील. ती घेऊ नये. घरात दोन पर्सा असल्या म्हणून काही बिघडत नाही.